माडीच्या सागवानी फळ्या नव्या घरात जमिनीला बसवायच्या आहेत, खाली काँक्रीट आहे

बोडीकाठ | १४ एप्रिल

नमस्कार मंडळी. गाव ब्रह्मपुरी तालुक्यातलं, वैनगंगेपासून दोन कोस. आबाजींनी बांधलेलं कवेलूचं माडीचं घर यंदा उतरवलं. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला पूर आला तेव्हा नाल्याचं पाणी उलटं फिरून जोत्याला लागलं होतं, आणि तेव्हापासून मागची मातीची भिंत दर पावसाळ्यात थोडी थोडी सुटत गेली. त्याच जागी आता स्लॅबचं घर उभं आहे, जोतं रस्त्यापासून तीन फूट वर.

माडीच्या सागवानी फळ्या मात्र धडधाकट निघाल्या. मोजून ४२. रुंदी आठ इंच, लांबी साडेसहा फूट, जाडी पुरती इंचभर. खालची बाजू चुलीच्या धुराने काळी. एका फळीवर वाटीएवढा जळका डाग आहे. बाबा लहान असताना कंदील कलंडला होता आणि आजीने ओल्या गोणपाटाने आग विझवली, हे बाबा अजून सांगतात. बाबा आता ७४ वर्षांचे आहेत, गुडघ्यांमुळे जिना बंद झाला. त्यांच्या खालच्या खोलीत, १० बाय १२ च्या, याच फळ्यांची जमीन करायचं मी ठरवलं आहे.

बाकी घरात कोटा फरशी बसली. या खोलीत फक्त बेड काँक्रीट आहे, चार इंच जाड, जानेवारीत टाकलेलं. ते बाहेरच्या फरशीपेक्षा दोन इंच खाली आहे. आमचा वाढई म्हणतो, काँक्रीटवर रिपा ठोकतो, रिपांवर फळ्या, चार दिवसांचं काम. अक्षय तृतीयेला गृहप्रवेश धरला आहे. काँक्रीटवर लाकूड बसवलेलं कोणी पाहिलं आहे का? खाली नेमकं काय काय लागतं?

काळीमाती | १४ एप्रिल

बोडीकाठ दादा, घाई करू नका. मी यवतमाळ जिल्ह्यातली. आमच्याकडे काळ्या मातीवरचं घर, तीन वर्षांपूर्वी एका खोलीत लाकडासारखं दिसणारं लॅमिनेट बसवलं, ८ मिलिमीटरचं. दुकानदाराने खाली नुसता पांढरा फोम टाकला. पहिल्या पावसाळ्यात सांध्यांच्या कडा फुगल्या, दुसऱ्या वर्षी भिंतीजवळ पट्टे तंबूसारखे वर उचलले गेले. उचकटून पाहिलं तर फोमच्या खाली काँक्रीट काळंभोर ओलं होतं आणि घामट वास येत होता. वरून एक थेंब पाणी सांडलं नव्हतं. सगळं खालून आलं होतं.

तुमच्या फळ्या लॅमिनेटच्या भुशासारख्या नाहीत, हे मान्य. पण आमचे पैसे गेले ते पुन्हा कमावता येतील, तुमच्या आबाजींच्या फळ्या पुन्हा मिळायच्या नाहीत.

पाणसळ | १५ एप्रिल

ताईंनी मर्मावर बोट ठेवलं. मी स्थापत्य अभियंता, निवृत्त, बांधकामाचा बहुतेक काळ भंडारा-गोंदियात गेला. माझा पहिला प्रश्न लाकडाबद्दल नाहीच. बेड काँक्रीट टाकताना मुरमावर प्लास्टिकचा कागद अंथरला होता का?

ओल दोन तऱ्हेची असते. एक काँक्रीटच्या अंगातली. मिसळताना आणि क्युअरिंगला, म्हणजे नव्या काँक्रीटला मुरवायला, घातलेलं जास्तीचं पाणी हळूहळू उडतं. ढोबळ हिशेब असा की, इंचाला एक महिना, तोही हवा कोरडी असेल तर. तुमच्या चार इंचांना चार महिने. क्युअरिंग फेब्रुवारीत संपलं असेल तर जून उजाडतो, आणि जूनमध्ये आपल्याकडे हवा कोरडी राहत नाही. ही ओल एक दिवस संपते.

दुसरी ओल जमिनीतली. काँक्रीट दिसायला दगड, पण आत केसाहून बारीक नळ्या असतात आणि दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं पाणी त्यांतून चढतं. धानाचा पट्टा, बांध्यांत म्हणजे भाताच्या खाचरांत चार महिने पाणी, वर बोडी म्हणजे गावतळं जवळ. ही ओल दर पावसाळ्यात परत येणार. फरशीला तिचं काही वाटत नाही, कोटा घाम सोडतो आणि सुकतो. लाकूड ती पिऊन घेतं. फळीची खालची बाजू फुगते, वरची कोरडी राहते, मग दोन्ही कडा वर येऊन फळीची पन्हळ होते.

परीक्षा सोपी आहे. दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिक घ्या, चारही कडा टेपने काँक्रीटला पक्क्या चिकटवा. १६ तास तरी ठेवावं लागतं, मी तीन दिवस ठेवायला सांगतो. एक तुकडा मधोमध, एक बाहेरच्या भिंतीला लागून, एक न्हाणीच्या बाजूला. खाली थेंब दिसले किंवा काँक्रीटचा रंग गडद झाला तर लाकूड बसवायचं नाही. थेंब दिसले नाहीत म्हणजे मात्र सगळं ठीक, असा उलटा अर्थ काढू नका. शहरातले चांगले फ्लोअरिंगवाले काँक्रीटला जाडीच्या ४० टक्के खोल छिद्र पाडून आतल्या हवेची आर्द्रता मोजतात आणि साधारण ७५ टक्क्यांच्या खाली असेल तरच लाकडाला हात लावतात.

बोडीकाठ | १५ एप्रिल

प्लास्टिक टाकलं नव्हतं. ठेकेदाराला आजच विचारलं, तो म्हणाला गावाकडे कोणी टाकत नाही. उद्या तीन तुकडे चिकटवतो.

रंधापटाशी | १५ एप्रिल

दादा, मी सुताराच्या घरचा, गोंडपिपरीकडला. बाप बैलबंड्या बनवे, मी दारं-खिडक्या करतो. तुमचा वाढई वाईट सांगून नाई रायला. जुन्या लोकायनं रिपांवरच फळ्या ठोकल्या. पण त्या माडीवर होत्या, खालून हवा खेळे, चुलीचा धूर लागे. त्याच फळीले जमिनीवर आणून टाकलं का तिचं जगणंच बदलते.

आधी फळ्यायचं पाहा. जुने खिळे चुंबक फिरवून एकेक काढा, एक राहिला तरी रंध्याचं पातं जाते. मंग कडेचा पांढरा भाग पाहा. सागाच्या गाभ्याले वाळवी सहसा लागत नाई, पांढऱ्याले लागते. तो कापून टाका. काळी बाजू रंधून पांढरपेशी करू नका, तीच खाली जाऊ द्या.

न आठ इंचाची फळी तशीच बसवू नका. मधून चिरा. हे सांगताना मलेबी बरं नाई वाटत.

बोडीकाठ | १५ एप्रिल

चिरायची? रुंद फळी हाच तर तिचा थाट आहे, भाऊ. आज बल्लारशाच्या डेपोतही इतक्या रुंदीचा माल सहजी मिळत नाही. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी तिथूनच सागवान गेलं, त्या जंगलाचं हे लाकूड. दुसरा काही मार्ग?

पाणसळ | १६ एप्रिल

रंधापटाशी म्हणतात त्यामागचा हिशेब मांडतो, मग तुम्हीच ठरवा.

लाकूड हवेतलं पाणी घेतं आणि सोडतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, दुपारची हवा इतकी कोरडी असते की उघड्यावरचं लाकूड चार-पाच टक्के ओलाव्यावर येऊ पाहतं. श्रावणात तेच लाकूड पंधरा-सोळा टक्क्यांकडे जाऊ पाहतं. घरात इतकं टोक गाठलं जात नाही, तरी सहा टक्क्यांचा फरक धरा. साग हा फार शहाणा लाकूड, बाकीच्यांपेक्षा कमी हलतो. तरीसुद्धा आडव्या रुंदीत, दर टक्क्याला १०० मिलिमीटरमागे जवळपास ०.१९ मिलिमीटर. म्हणजे चार इंची पट्टी वर्षभरात १.१ मिलिमीटर हलणार, आठ इंची फळी २.२. दहा फूट रुंदीच्या खोलीत सगळ्या फळ्या एकमेकींना चिकटवून एकसंध केल्या तर ३४ मिलिमीटर. इतकी जागा भिंत देणार नाही. मग फळ्या मधोमध उचलल्या जातील.

म्हणून पट्ट्या अरुंद, प्रत्येक पट्टी एका कडेला बांधलेली आणि दुसऱ्या कडेला मोकळी, आणि चारही भिंतींपाशी अर्धा इंच फट सोडलेली. फट भिंतीच्या तळाशी लावलेल्या लाकडी पाटीखाली झाकली जाते. तिच्यात सिमेंट भरू देऊ नका. गवंड्याला उघडी फट पाहवत नाही, हे मी जन्मभर पाहिलं आहे.

पऱ्हाटी | १६ एप्रिल

कूलर कोणीच धरला नाही. अकोल्याहून लिहिते. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत आमच्या घरात डेझर्ट कूलर चोवीस तास फिरतो, तुमच्याकडेही फिरत असेलच. बाहेर लू असली तरी कूलरच्या खोलीतली हवा ओलीच असते, लोणच्याच्या फोडी आत वाळत नाहीत ते त्यामुळेच. म्हणजे बाबांच्या खोलीत लाकडाचा खरा कोरडा काळ होळीच्या आगेमागे येईल, मेमध्ये नाही. शिवाय कूलरच्या तोंडासमोरची तीन फूट जागा कायम दमट. कूलर खिडकीबाहेर स्टँडवर ठेवा, टाकी भरायचा पाइप बाहेरूनच, आणि पाणी सुटून भिंतीत उतरत नाही ना ते पाहा. आमच्या खिडकीची चौकट वरच्या पावसाने सडली नव्हती, कूलरच्या गळतीने सडली.

मोहफूल | १७ एप्रिल

रिपांवर फळ्या म्हणजे खाली दोन इंच पोकळी. मी गडचिरोली जिल्ह्यात आरमोरीजवळ राहते. घरात धान भरलेलं असतं, त्यामागे उंदीर येतो आणि उंदरामागे साप. विंचवाला तर दोन बोटं जागा पुरते. माझ्या मामाजींनी ओसरीवर असा लाकडी चौथरा केला होता. दुसऱ्या वर्षी त्याखालून मण्यार निघाली, त्याच दिवशी तो मोडला. खोलीत म्हातारं माणूस झोपणार आहे. पोकळी ठेवूच नका.

रंधापटाशी | १७ एप्रिल

मोहफूल ताई बरोबर सांगते. हे माह्या ध्यानात आलं नव्हतं.

बोडीकाठ | २० एप्रिल

तीन दिवसांनी प्लास्टिक काढलं. तिन्ही तुकड्यांखाली कोरडं. एक थेंब नाही, रंगही तोच. बाबांना सांगितलं तर ते खूश झाले. मग अक्षय तृतीयेआधी काम सुरू करू का?

पाणसळ | २० एप्रिल

नका करू, हे मी हात जोडून सांगतो. एप्रिलमध्ये विदर्भात विहिरी तळ गाठतात, तेव्हा काँक्रीट कोरडं निघालं यात नवल काय? हीच परीक्षा पोळ्याच्या आसपास करा, बांध्या भरलेल्या असताना. गृहप्रवेश होऊ द्या. बाबांच्या खोलीत सध्या सतरंजी घाला.

काळीमाती | २० एप्रिल

आमचंही लॅमिनेट एप्रिलमध्येच बसलं होतं.

बोडीकाठ | २१ एप्रिल

थांबतो. फळ्या गोठ्याच्या माळ्यावर रचल्या आहेत, प्रत्येक दोन थरांमध्ये पट्ट्या घालून. बाबा दोन दिवस बोलले नाहीत. आज सकाळी स्वतःच म्हणाले, धान रोवायला पाऊस पडेपर्यंत थांबतोच ना आपण.

बोडीकाठ | ३० ऑगस्ट

मंडळी, पुन्हा तीन तुकडे चिकटवले होते. मधला कोरडा. न्हाणीकडच्या तुकड्याखाली दव पडावं तसे थेंब, आणि मागच्या भिंतीजवळचा अख्खा चौकोन गडद. हात लावला तर गार. एप्रिलमध्ये बसवलं असतं तर आज फळ्या उचकटत बसलो असतो. आता काय करू?

पाणसळ | ३० ऑगस्ट

बरं झालं कळलं. आधी बाहेरचं पाणी तोडा. मागच्या भिंतीबाहेर छपराची धार कुठे पडते? तिथे जमिनीचा उतार भिंतीकडे आहे की भिंतीपासून दूर? भिंतीलगत तीन फूट रुंद सिमेंटचा पट्टा, बाहेरच्या बाजूला उतरता, आणि स्लॅबच्या पाइपाचं पाणी नालीपर्यंत. न्हाणीच्या फरशीचे सांधे उकरून नीट भरा. खोलीत कितीही महागडं रसायन लावलं तरी हे केल्याशिवाय उपयोग नाही.

मग दिवाळीनंतर, काँक्रीट पुन्हा सुकलं की, वरून ग्राइंडर मारून सिमेंटची साय, म्हणजे वरचा कच्चा पातळ थर, काढायची आणि दोन भागांचं इपॉक्सी ओलरोधक दोन हात लावायचं, दुसरा हात पहिल्याच्या आडवा. हे ओल्या काँक्रीटवर चालतं असं डब्यावर लिहिलेलं असेल तरी तुम्ही सुकल्यावरच लावा. त्यावर २०० मायक्रॉनचं प्लास्टिक, सांध्याला सहा-आठ इंच एकावर एक, भिंतीवर चार बोटं चढवलेलं.

त्यावर ३ मिलिमीटरचा फोम आणि फोमवर १२ मिलिमीटर प्लायवूडचे दोन थर, एकमेकांना आडवे, खालच्याचा सांधा वरच्याच्या सांध्याखाली येऊ न देता. दोन्ही थर एकमेकांना गोंद आणि स्क्रूने जोडायचे, काँक्रीटला नाही. मुख्य मुद्दा हाच. रिपा काँक्रीटला ठोकल्या की प्रत्येक स्क्रूगणिक प्लास्टिकला एक भोक, आणि पाणी नेमकं तिथून येतं. हा प्लायचा पाट मोकळाच पडून राहतो, स्वतःच्या वजनाने बसतो. प्लाय आयएस ७१० या भारतीय मानकाच्या शिक्क्याचाच घ्या, उकळत्या पाण्यात न सुटणारा. साधा कमर्शियल घेऊ नका. तुकड्यांमध्ये ३ मिलिमीटर फट.

उंची धरा: फोम ३, प्लाय २४, रंधलेली फळी २०. एकूण ४७. तुमच्याकडे दोन इंच म्हणजे ५० आहेत. दाराशी बाबांना ठेच लागणार नाही.

आणि काँक्रीट सपाट हवं. तीन मीटरची पट्टी फिरवून खाली ५ मिलिमीटरपेक्षा जास्त उजेड दिसला तर तो खड्डा आधी भरून घ्या, नाहीतर चालताना पाट खाली-वर होईल आणि करकरेल.

मोहफूल | ३१ ऑगस्ट

वाळवीचं राहिलं. साग वाचेल, प्लाय वाचायचा नाही.

पाणसळ | ३१ ऑगस्ट

हो, तेही इपॉक्सीच्या आधी. तयार घरासाठी आयएस ६३१३ च्या तिसऱ्या भागात पद्धत दिली आहे: भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथे दर ३०० मिलिमीटरवर १२ मिलिमीटरचं छिद्र, प्रत्येकात लिटरभर औषध, मग छिद्र बंद. क्लोरपायरिफॉस २० टक्के असेल तर एका लिटरमागे १९ लिटर पाणी. हे विष आहे. अंगणात विहीर किंवा बोअर भिंतीला लागून असेल तर त्या बाजूने वापरू नका आणि हे काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. बाबांना आठवडाभर दुसऱ्या खोलीत ठेवा.

बोडीकाठ | १ सप्टेंबर

विहीर समोरच्या अंगणात, चाळीस पावलांवर. औषध मागच्या बाजूला लागणार. छपराची धार भिंतीपासून हातभरावर पडते आणि तिथे खळगा झालेला आहे, आज पावसात उभं राहून पाहिलं. सहा महिन्यांत कधी लक्ष गेलं नव्हतं.

आणखी एक. शेताच्या बांधावर आमचा स्वतःचा एक साग आहे. फळ्या कमी पडल्या तर तोडू का?

डोंगरपायथा | १ सप्टेंबर

स्वतःच्या शेतातला असला तरी परवानगीशिवाय तोडू नका. १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात साग येतो. वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी अर्ज करा. आणि जुन्या फळ्या आरागिरणीवर दुसऱ्या गावी न्यायच्या असतील तर ग्रामपंचायतीचा दाखला सोबत ठेवा की हे मोडलेल्या घराचं लाकूड आहे. वाटेत नाक्यावर गाडी अडली तर दिवस वाया जातो. शिवाय ताजा साग सुकायला वर्ष जाईल, जुन्या फळ्यांशी त्याचं जमणार नाही.

रंधापटाशी | १ सप्टेंबर

कमी नाई पडत. ४२ फळ्या मधून चिरल्या का ८४ पट्ट्या. सांध्याले अर्ध्या जाडीची खाच काढली, रंधा मारला, तर सव्वातीन इंच दिसते. १४८ चौरस फूट भरते, खोली १२० ची. तुटफूट धरूनबी पुरते. खालच्या ओठात तिरपा स्क्रू, दीड इंची, त्याच्याहून लांब नाई. लांब घेतला तर प्लाय फोडून प्लास्टिकात जाईन. पुढच्या पट्टीचा ओठ त्यावर बसला का स्क्रू दिसत नाई. मी येतो म्हणा तर दिवाळीच्या नंतर येतो, तुमच्या वाढयाले सोबत घेऊ. त्याचं काम हाय, त्याले बाजूला सारू नका.

बोडीकाठ | २ डिसेंबर

काम झालं. मागे सिमेंटचा पट्टा सप्टेंबरमध्येच केला, पाइप नालीपर्यंत नेला. ऑक्टोबरच्या शेवटच्या पावसानंतर पुन्हा प्लास्टिक लावलं, न्हाणीकडे कोरडं, मागे अगदी किंचित. नोव्हेंबरच्या मध्यात तेही गेलं. मग औषध, इपॉक्सी, प्लास्टिक, प्लाय, या क्रमाने. फळ्या चिरून दहा दिवस त्याच खोलीत मोकळ्या ठेवल्या, हवा ओळखू दिली.

रंधापटाशी भाऊ सहा दिवस आमच्याकडेच राहिले. आमचा वाढई पहिल्या दिवशी गप्प होता. तिसऱ्या दिवशी त्यानेच सांगितलं की, एकाच फळीच्या दोन पट्ट्या शेजारी-शेजारी लावू, म्हणजे रेषा जुळतील आणि रुंद फळीचा भास राहील. आता खोलीत उभं राहिलं की मधली चीर शोधावी लागते.

पॉलिश कोणतं करावं?

पऱ्हाटी | २ डिसेंबर

जवसाचं तेल. दुकानात डबल बॉइल्ड मागा, घाण्याचं कच्चं तेल आठवडेच्या आठवडे चिकट राहतं. सागात स्वतःचं तेल असतं म्हणून आधी थिनरच्या फडक्याने पुसा. पातळ हात, पंधरा मिनिटांनी उरलेलं पुसून काढा, दुसऱ्या दिवशी पुढचा हात, असे तीन. आणि तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. पीयू पॉलिश चकचकीत दिसतं, पण सोललं की सगळी खोली घासावी लागते. तेल तेवढ्याच जागी पुन्हा लावता येतं.

पुसताना फडकं पिळून घ्यायला घरात सगळ्यांना सांगा. बादली ओतून पोछा मारायची सवय मोडायला वेळ लागतो.

बोडीकाठ | १९ ऑगस्ट

उन्हाळा गेला, अर्धा पावसाळाही गेला, म्हणून लिहितो. होळीला पट्ट्यांमध्ये फटी दिसल्या, पोस्टकार्ड जाईल इतक्या. मोजल्या, सगळ्यांत मोठी मिलिमीटरच्या आत. पऱ्हाटी ताई, तुमचं तंतोतंत खरं ठरलं, कूलर लागल्यावर मेमध्ये त्या कमी झाल्या. आज फटी मिटल्या आहेत, कडा वर आलेल्या नाहीत, पट्टी फिरवून पाहिलं. मागच्या भिंतीजवळ पाटी काढून हात घालून पाहिला, प्लाय कोरडा आहे.

डागाची फळी खिडकीपाशी बसवली. बाबा सकाळी तिथे खुर्ची टाकतात आणि पाय तिच्यावर ठेवतात. काल नातवाला कंदिलाची गोष्ट सांगत होते. आजीने गोणपाटाने विझवलं म्हणाले, आणि मग थांबून म्हणाले, नाही, तेव्हा ती लुगड्याचाच पदर टाकून गेली होती, गोणपाट मी नंतर आणलं.

रंधापटाशी | १९ ऑगस्ट

फटी होळीले पुन्हा उघडतीन. भरू नका.

पाणसळ | २० ऑगस्ट

बाबांना माझा नमस्कार सांगा. पाटी काढलीच आहे तर भिंतीजवळची फट आताही मोजा आणि आकडा इथे टाका. पावसाळ्यात ती किती उरते ते पाहायचं आहे.

बोडीकाठ | २० ऑगस्ट

मागच्या भिंतीला ७ मिलिमीटर, दाराच्या बाजूला ८. बसवताना दोन्हीकडे १२ सोडले होते.